आष्ट्याला ॲट, सांगलीला इन

मिस्बाह नदाफला राग लवकर यायचा आणि उशिरा जायचा. काही राग तर गेलेच नाहीत. आष्ट्याच्या बाजारपेठेत तिच्या वडिलांचं, पीरमहंमद यांचं, गाद्या भरून द्यायचं दुकान आहे. लहानपणी शेजारच्या किराणावाल्यानं तिला एकदा "ए पिंजाऱ्याची" अशी हाक मारली. तेव्हापासून ती त्याच्या दुकानाची पायरी चढली नाही. घरात मीठ संपलं तर गल्ली ओलांडून दुसरीकडून आणायची.

"इत्ता गुस्सा लेके किधर जाएगी गे तू?" आई मेहरुनबी कपाळाला हात लावून म्हणायची.

घरात दखनी चालायची. पीरमहंमद मात्र खूश झाले किंवा वैतागले की आष्ट्याच्या मराठीत शिरत, कारण गिऱ्हाइकांशी आयुष्यभर तीच बोलत आले होते. "असूंदे की राग," ते म्हणत. "रागीट मानूस उपाशी ऱ्हात न्हाई."

मिस्बाह नर्स झाली आणि मिरजेच्या एका मोठ्या हॉस्पिटलात लागली. अपघात विभागात तिची ड्यूटी असे. रक्तानं माखलेला माणूस आला की तिचे हात भराभर चालत. त्याच्याबरोबर आलेले दहा नातेवाईक आत घुसायला लागले की तिची जीभही तेवढीच भराभर चाले. डॉक्टर तिला मानत आणि तिच्यापासून लांबही राहत. बघता बघता तिच्या वॉर्डातल्या तिघीजणी इंग्लंडला गेल्या. त्यांतल्या एकीला तर सलाइनची सुई धड लावता येत नसे. मिस्बाहनं त्याच आठवड्यात ठरवलं, आपणही जायचं.

त्यासाठी नर्सना इंग्रजीची एक परीक्षा द्यावी लागते, ओईटी म्हणतात तिला. वाचणं, ऐकणं, बोलणं आणि लिहिणं, असे चार भाग. लिहिण्याच्या भागात एका पेशंटची माहिती देतात आणि त्यावरून दुसऱ्या डॉक्टरला किंवा नर्सला पत्र लिहायला सांगतात. मिस्बाहचं इंग्रजी वाईट नव्हतं. पण ते वॉर्डातलं इंग्रजी होतं. बीपी लो, पेशंट शिफ्ट, रिलेटिव्ह इन्फॉर्म. त्यात एक शब्द दुसऱ्याला धरून चालत नसे.

हॉस्टेलवर तिच्याच खोलीत लोणंदची संयोगिता राहायची, तीही नर्स. दोघींनी मिळून सांगलीला विश्रामबागेत राजेश्वरी मॅडमचा क्लास लावला.

राजेश्वरी मॅडम पन्नाशीच्या. कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवण्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. दर जूनला नवी नेमणूक, दर मार्चला पुन्हा मोकळ्या. हाताखालून शिकून गेलेली पोरं कायम झाली, बाई झाल्या नाहीत. एका जूनला त्या गेल्याच नाहीत. एका मेडिकल दुकानाच्या माडीवर त्यांनी नर्सिंगच्या मुलींसाठी क्लास काढला. शिकवणं चोख होतं आणि मुली पास होत. पण कॉलेजवरचा सगळा राग त्यांनी बरोबर आणला होता, आणि तो रोज थोडा थोडा मुलींवर निघत असे.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मिस्बाहचं पत्र सगळ्यांसमोर वाचलं. "द पेशंट रीच्ड टू हॉस्पिटल. नदाफ, उभी राहा. रीचच्या पाठीला हे टू कुणी बांधलं?"

"मॅडम, मराठीत 'ला' लावतो ना. हॉस्पिटलला पोचला."

"मराठीत डोकंही लावतात. ते लावलंस का?"

वर्ग हसला. मिस्बाह उभीच राहिली. मॅडमनी फळ्यावर लिहून दाखवलं. रीचला काही लागत नाही. रीच्ड द हॉस्पिटल, संपलं. अराइव्हला लागतं, पण टू कधीच नाही. अराइव्ह ॲट किंवा अराइव्ह इन. घराला मात्र दोन्ही नाही, अराइव्ह्ड होम. "घर आपलं असतं," त्या म्हणाल्या, "तिथं पोचायला मध्यस्थ लागत नाही. मराठीतसुद्धा घरला पोचलो म्हणत नाही आपण, घरी पोचलो म्हणतो."

"आमच्याकडं घरला म्हणतात, मॅडम," मिस्बाह म्हणाली.

मॅडम वळल्या. "तुमच्याकडं म्हणजे कुठं?"

"आष्ट्याला."

"मग त्यांना परीक्षेला बसव. तू इथं बसलीयस ना? खाली बस."

त्या दिवसापासून दोघींचं वाजलं. संयोगिता नंतर म्हणायची, मॅडम सगळ्यांनाच बोलायच्या. आम्ही ते छत्रीवरून पाणी ओघळावं तसं ओघळू द्यायचो. मिस्बाह छत्रीच मिटून ठेवायची.

तरी ती शिकत होती. टू तिच्या लिहिण्यातून आठवड्यात गेला. वॉर्डात कागद भरतानासुद्धा ती मनाशी पुटपुटे. ब्रॉट टू चालतं, कारण कुणीतरी आणलं. ॲडमिटेड टू चालतं. अराइव्ह्ड टू चालत नाही, कारण स्वतःच्या पायांनी येणाऱ्याची इंग्रजीत निराळी सोय आहे. हे तिला आवडायला लागलं होतं. अवघड शीर एकदा बोटाला सापडली की पुन्हा चुकत नाही, तसं.

आणि मग तो आष्ट्याचा दिवस आला.

मॅडमनी फळ्यावर गाळलेल्या जागा दिल्या होत्या. लंडनला पोचलो, विमानतळावर पोचलो, सांगलीला पोचलो. शेवटचं वाक्य मुद्दाम घातलेलं होतं: आष्ट्याला पोचलो. मिस्बाहला फळ्यापाशी बोलावलं. तिनं लंडनला इन लावलं, विमानतळाला ॲट, सांगलीला इन. आष्ट्याला इन.

मॅडमनी तो इन बोटानं पुसला. "मोठी शहरं, देश, त्यांना इन. लहान गावं, इमारती, थांबे, त्यांना ॲट. आष्टा काय लंडन आहे?"

"आष्ट्याला नगरपालिका आहे, मॅडम."

वर्गात एक हसली, मग सगळ्याच हसल्या. मॅडमही हसल्या, हेच वाईट झालं. "अरे वा! नगरपालिका आहे! मग इंग्लंडच्या राणीला कळवायला पाहिजे होतं. आता तीही राहिली नाही."

"मी तिथली आहे. मला ते ॲट वाटत नाही."

"तुला काय वाटतं ते परीक्षक विचारत नाही. ॲट लिही आणि जागेवर जा."

मिस्बाहनं खडू फळीवर ठेवला आणि ॲट न लिहिताच जागेवर जाऊन बसली. मॅडमनी स्वतः लिहिलं, मोठ्या अक्षरात. पुढच्या तासापासून वर्गात तिचं नाव पडलं, ॲट आष्टा. कोल्हापूरकडच्या दोन मुली तर जिन्यातच विचारायच्या, "काय गं, ॲट आष्टा आली का?" मिस्बाहनं त्यांतल्या एकीची वही जिन्यावरून खाली फेकली. मॅडमपर्यंत तक्रार गेली. मॅडमनी मिस्बाहलाच वर्गाबाहेर तासभर उभं केलं. सत्तावीस वर्षांची, नोकरी करणारी बाई, मेडिकल दुकानाच्या जिन्यात, औषधाला आलेली माणसं वर बघताहेत.

त्या आठवड्यात ती आष्ट्याला गेली, तेव्हा तिनं ही गोष्ट घरी काढली. पीरमहंमद मशीनवर कापूस पिंजत होते. नाकातोंडाला फडकं होतं आणि भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. त्यांनी मशीन बंद केलं आणि नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे गाव मोटं असलं तर येक आनि बारकं असलं तर दुसरं?"

"त्या म्हणतात तसं."

"आनि इंग्रजाला गाव केवढं ते कसं कळायचं? मोजून गेलाय का त्यो?" ते म्हणाले. "मी बागणीला गाद्या पोचवतो, दुधगावला पोचवतो. समद्यास्नी येकच ला. कुनी रागावलं न्हाई आजपातूर."

"अब्बा, हे तुमच्या गाद्यांचं नाही."

"तेबी खरं हाय," म्हणून त्यांनी मशीन पुन्हा चालू केलं.

इकडे संयोगिताला तिच्या मावशीकडून एक बातमी लागली. मावशी कडेगावला दिली होती. राजेश्वरी मॅडमचं माहेर कडेगावच्याही पुढं एका वाडीत. ऊस, म्हशी आणि दहा-वीस उंबरे. बस वाडीपर्यंत जात नाही, फाट्यावर उतरून चालायचं. संयोगितानं हे हसत हसत सांगितलं. मिस्बाह हसली नाही. तिनं ते ठेवून दिलं.

दोन आठवडे तिनं वाट पाहिली. मग एका शनिवारी नव्या मुली आल्या म्हणून मॅडमनी तोच नियम पुन्हा सांगितला. मोठं शहर इन, लहान गाव ॲट. मिस्बाहनं हात वर केला.

"मॅडम, एक शंका आहे."

"विचार."

"कडेगावला काय लावायचं?"

"तालुक्याचं गाव आहे, पण लहान. ॲट."

"आणि कडेगावच्या पुढं तुमच्या माहेरची वाडी आहे, तिथं बस पण जात नाही. तिला ॲट तरी लागतं का? का तेवढंही लागत नाही?"

कुणी हसलं नाही. कोल्हापूरकडच्या मुलीसुद्धा वहीत बघायला लागल्या. मॅडमनी खडू खाली ठेवला, बोटं पदराला पुसली. त्यांचा आवाज चढला नाही, उलट इतका खाली गेला की मागच्या बाकांना पुढं वाकावं लागलं.

"त्या वाडीला मी पोचतच नाही, नदाफ. त्यामुळं मला हा प्रश्न पडत नाही. पुस्तकं उचल. उद्यापासून येऊ नकोस."

"का? तुम्ही बोललात की शिकवणं आणि मी बोलले की उद्धटपणा?"

"हो. कारण वर्ग माझा आहे."

"आणि आष्टा माझं आहे."

"मग जा आष्ट्याला. ॲट जा, इन जा, कशीही जा. इथून जा."

मिस्बाह जिना उतरली तेव्हा तिला भारी वाटत होतं. मिरजेच्या बसमध्ये ती ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि आष्टा माझं आहे. शेजारी संयोगिता बसली होती. सांगली मागं पडल्यावर ती म्हणाली, "आई गेली ना मॅडमची, तेव्हा भावांनी जमिनीवरनं भांडण काढलं. दहाव्याला गेल्या त्या, तर दार उघडलं नाही. फाट्यावर बसून होत्या म्हणे बस येईपर्यंत. मावशी सांगत होती."

मिस्बाह तिच्याकडं वळली. "हे आधी का सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस कुठं? तुला वाडी किती लहान तेवढंच पाहिजे होतं."

"कळलं असतं तरी बोलले असते मी," मिस्बाह म्हणाली आणि खिडकीकडं तोंड केलं. खरं बोलली की रागानं, हे संयोगिताला कळलं नाही. मिस्बाहनं मॅडमना फोन केला नाही, माफी मागितली नाही. तसं करायचं एकदा तिच्या मनात आलं होतं, असं ती पुढं कधीतरी संयोगितापाशी बोलली. पण मग तिला तो जिना आठवला, औषधाला आलेली माणसं आठवली, आणि ते तिथंच राहिलं.

तिनं एकटीनं अभ्यास केला आणि पुण्याला जाऊन परीक्षा दिली. लिहिण्याच्या भागात एका म्हातारीबद्दल पत्र लिहायला आलं. बाथरूममध्ये पडलेली, मांडीचं हाड मोडलेलं, आता घरी सोडायची. मिस्बाहनं अराइव्ह्ड ॲट लिहिलं, रीच्ड एकटा ठेवला, रिटर्न्ड होममध्ये काही घुसू दिलं नाही. शेवटी वेळ उरला, तेव्हा तिनं प्रत्येक क्रियापदाच्या पुढचा शब्द पुन्हा तपासला. बाहेर पडताना तिला खात्री होती.

निकाल आला. वाचणं, ऐकणं, बोलणं, तिन्ही पास. लिहिणं थोडक्यात गेलं.

क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून तिला काढायचं राहून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यावर मॅडमचा व्हॉइस मेसेज आला. नाव घेतलं नव्हतं. "काही मुलींना वाटतं, जिभेला धार आहे म्हणजे पेनालाही असणार. निकाल लागला की फरक कळतो. बाकीच्यांनी सोमवारी वेळेवर या."

मिस्बाहनं लिहिलं, "पेनाला धार लावणारीच बोथट असेल तर पेन काय करणार?" आणि ग्रुप सोडला. मागं काय बोलणं झालं ते संयोगिता सांगायला लागली, तर तिनं कानावर हात ठेवले.

महिनाभर तिनं पुस्तकाला हात लावला नाही. वॉर्डात ज्याच्या त्याच्यावर खेकसत राहिली. एका नातेवाइकाची कॉलर धरल्याबद्दल तिला समज मिळाली. मग संयोगितानंच तिला ऑनलाइन शिकवणारे एक सर शोधून दिले. कोट्टायमचे, स्वतः आधी नर्स होते. त्यांनी मिस्बाहची जुनी पत्रं मागवली. पहिल्या तासाला मिस्बाहनं त्यांना दुसरं काही विचारायच्या आधी आष्ट्याचं विचारलं. गाव केवढं, लोक किती, नगरपालिका आहे, सगळं सांगून विचारलं, ॲट की इन?

सर म्हणाले, गाव किती मोठं याच्याशी फारसं काही नाही, तू त्याच्याकडं कशी बघतेस त्याच्याशी आहे. वाटेतला एक ठिपका म्हणून बघत असशील तर ॲट. बस पुढच्या गावाला जाताना आष्ट्याला थांबली, तर अराइव्ह्ड ॲट आष्टा. पण तू तिथं गेलीस, गल्लीत शिरलीस, राहिलीस, तर अराइव्ह्ड इन आष्टा. दोन्ही बरोबर.

मिस्बाहनं ते सगळं लिहून घेतलं. तास संपल्या संपल्या राजेश्वरी मॅडमना पाठवून दिलं. खाली लिहिलं, "तुमचा नियम अर्धाच होता."

सकाळी उत्तर आलं. "ते सर केरळचे आहेत. त्यांनी आष्टा पाहिलेलं नाही."

संयोगिता हे वाचून कॉटवर लोळून हसली. मिस्बाहला हसू आलं नाही. तिनं मॅडमचा नंबर ब्लॉक केला.

पण सरांनी त्याच तासाला आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती तिनं मॅडमना पाठवली नव्हती. तुझी प्रेपोझिशन्स जवळजवळ निर्दोष आहेत, ते म्हणाले. पत्रं मात्र वाईट आहेत. पेशंट कधी आली, कुठं आली, कुठून कुठं नेली, हे सगळं तू अगदी बरोबर लिहितेस. पण तिला आता काय पाहिजे, हे शोधायला मला तिसऱ्या परिच्छेदापर्यंत यावं लागतं. ज्याला हे पत्र मिळणार, त्याला ती म्हातारी कशी पोचली याचं काही पडलेलं नाही. तू एकाच दारावर पहारा दिलास आणि बाकीचं घर उघडं टाकलंस.

तिला ते लागलं. दोन दिवस तिनं सरांचाही राग धरला. मग तो सोडला, कारण धरून परवडणार नव्हता. रोज ड्यूटी संपल्यावर एक पत्र लिहायचं, सरांना पाठवायचं, त्यांनी निम्मं खोडलं की निम्म्यात पुन्हा लिहायचं. पहिल्या ओळीत पेशंटला काय पाहिजे ते. मग बाकीचं. तिला सवय लागली. वॉर्डात ड्यूटी सोपवतानाही ती आधी मुद्द्याचं बोलायला लागली. डॉक्टरांना आश्चर्य वाटलं.

दुसऱ्या खेपेला ती पास झाली. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका हॉस्पिटलनं मोबाइलवरच मुलाखत घेतली. मुलाखत घेणारी गोरी बाई म्हणाली, यू विल अराइव्ह ऑन द वॉर्ड. ऑन! ना ॲट, ना इन. तिथल्या नर्स वॉर्डच्या आत नसतात, वॉर्डवर असतात. राजेश्वरी मॅडमनी हे कधी सांगितलं नव्हतं, या विचारानं मिस्बाहला इतका आनंद झाला की पुढचा प्रश्न तिला दुसऱ्यांदा विचारावा लागला. नोकरी मिळाली.

व्हिसा येईपर्यंत ती मिरजेतच काम करत होती. एका दुपारी संयोगितानं तिला फोटो पाठवला. विश्रामबागेत क्लासच्या खाली, रस्त्यावर फ्लेक्स लागला होता. "माझ्या मुली, माझा अभिमान." मध्यभागी मिस्बाह. क्लासला नाव घालताना दिलेला फोटो, तिथंही कपाळावर आठी. खाली, मिस्बाह नदाफ, आष्टा, इंग्लंडला निवड. त्याखाली मॅडमचं नाव आणि फोन नंबर.

मिस्बाहनं नंबर अनब्लॉक केला आणि सरळ फोन लावला.

"माझा फोटो काढा."

"कोण बोलतंय?" मॅडमनी विचारलं. ओळखलं नव्हतं असं नाही.

"तुम्ही हाकललेली. कुठल्या तोंडानं लावलात तो?"

"चार महिने शिकलीस इथं. टू कुणी सोडवला तुझा?"

"आणि जिन्यात कुणी उभं केलं? माझी मुलगी म्हणे! मी तुमची कुणी नाही. काढला नाहीत तर पोलिसांत जाईन."

 मग मॅडम म्हणाल्या, "काढते. तेवढी लायकी नव्हतीच. माझी की तुझी, ते तू ठरव." फोन बंद झाला.

मिस्बाहनं जिंकल्यासारखं संयोगिताला सांगितलं. घरी मात्र काही बोलली नाही, आणि तिथंच घोटाळा झाला. आष्ट्याच्या बाजारात कुणीतरी तोच फोटो मोबाइलवर पीरमहंमदना दाखवला होता. शुक्रवारी दुकान बंद असतं. त्यांनी ठेवणीतला पायजमा-सदरा घातला, मेहरुनबीला बरोबर घेतलं आणि सांगलीची बस धरली. लेकीच्या फोटोखाली उभं राहून दोघांचा एक फोटो काढायचा होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून तो काढून घ्यायचा, असंही ठरलं होतं.

विश्रामबागेत बांबूची चौकट उभी होती. तिच्यात फ्लेक्स नव्हता. चार कोपऱ्यांना सुतळीची टोकं लोंबत होती. पीरमहंमदनी मेडिकलवाल्याला विचारलं, त्यानं बोटानं वरचा जिना दाखवला. दोघं वर गेले. राजेश्वरी मॅडम एकट्याच पेपर तपासत बसल्या होत्या.

"मी मिस्बाहचा बाप," पीरमहंमद म्हणाले.

मॅडमनी पेन ठेवलं. "भांडायला आलाय, चाचा?"

"न्हाई, न्हाई. फोटू बघाय आलतो. हिला बी आनलंय."

"तुमच्या मुलीनं काढायला लावला. पोलिसांत जाईन म्हणाली."

पीरमहंमदना हे माहीत नव्हतं. ते भिंतीला हात लावून उभे राहिले. मग म्हणाले, "ती तशीच हाय."

"हो. तशीच आहे."

मेहरुनबीनं पदर सावरून विचारलं, "बाई, पोरगी शिकायला कशी व्हती?"

"हुशार होती," मॅडम म्हणाल्या. "आणि उद्धट होती."

मेहरुनबीनं दोन्हीला मान हलवली. मॅडम उठल्या. कपाटामागून त्यांनी फ्लेक्सची गुंडाळी ओढून काढली आणि पीरमहंमदच्या हातात दिली. "न्या हा. मला टाकायचाच होता. तिला सांगा किंवा सांगू नका." त्या परत खुर्चीत बसल्या आणि पेपर पुढं ओढले. चहा विचारला नाही. ती दोघंही थांबली नाहीत.

पीरमहंमदनी मिस्बाहला एवढंच सांगितलं, "बघाय गेलतो सांगलीला. काढला व्हता."  आपण कुणाला खाली खेचलं आणि ते कुणावर पडलं, हे तिला त्या क्षणी कळलं असावं. पण तिनं मॅडमना फोन केला नाही, आणि अब्बांनाही "मला माहीत नव्हतं" एवढंच म्हणाली. गुंडाळीचं तिला कुणी सांगितलं नाही.

मिस्बाह आता इंग्लंडात आहे. तिथंही एका नर्सशी तिचं बोलणं बंद आहे. संयोगितानं दुसरीकडं क्लास लावलाय. राजेश्वरी मॅडमचा क्लास चालू आहे आणि चौकटीत दुसऱ्या मुलीचा फोटो आहे.

गेल्या पावसाळ्यात मिस्बाहनं घरी व्हिडिओ कॉल केला. मेहरुनबी तिला दुकान दाखवत होती. पत्रा गळत होता, पीरमहंमद कापसाची गाठोडी झाकत होते. त्यांच्या हातातलं रंगीत कापड उलगडलं आणि मिस्बाहला स्वतःचा चेहरा दिसला, आठी घातलेला. खाली तिच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत मॅडमचं नाव.

"अब्बा, ये कां से आया? निकालो वो."

पीरमहंमदनी वर बघितलं. सुतळी दातांत होती, ती काढून ते म्हणाले, "थांब गं. आदी कापूस झाकू दे."

"तो फिर उलटा डालो."

"उलटा घातला तर पानी साठतं. ही बाजू गुळगुळीत हाय, पानी घसरून जातं," ते म्हणाले आणि गाठ मारायला खाली वाकले.